हृदयविकार जडलेल्या कुत्र्याचा सांभाळ

कुत्र्याचा हृदयविकार आणि माणसाचा हृदयविकार यांत नाव सोडले तर साम्य थोडेच आहे. माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत मेद साचतो, त्या अरुंद होतात आणि एखाद्या दिवशी झटका येतो. कुत्र्याच्या धमन्यांत असा मेद साचणे दुर्मीळ. थायरॉइडची कमतरता किंवा मधुमेह असलेल्या काही कुत्र्यांत तो आढळतो, एरवी सहसा नाही. कुत्र्याचे हृदय बिघडते ते मुख्यतः झडपांच्या किंवा स्नायूच्या दुखण्याने. हा फरक आधी सांगावा लागतो, कारण अनेक घरांत कुणाची तरी अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असते आणि कुत्र्याचे निदान होताच घर त्याच अनुभवाच्या आधारे कामाला लागते. अंड्यातला बलक बंद होतो, तूप बंद होते, पहाटेचे सक्तीचे फिरणे सुरू होते. झडपेच्या आजाराला यातल्या कशाचाही उपयोग नाही, आणि सक्तीच्या फिरण्याने तर अपायच होतो.

कुत्र्यांतल्या हृदयविकारांपैकी सुमारे ७५ टक्के एकाच प्रकारचे असतात. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची दोन पाकळ्यांची झडप असते. वयाबरोबर या पाकळ्या जाड आणि गाठाळ होतात, कडांना मुडपतात. त्यांना ताणून धरणाऱ्या बारीक दोऱ्या सैल पडतात, कधी तुटतात. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसत नाही, तशी ही झडप मिटेनाशी होते. खालचा कप्पा आवळला गेला की त्यातले थोडे रक्त महाधमनीकडे न जाता उलटे वरच्या कप्प्यात शिरते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येते ती ‘मर्मर’ या उलट्या प्रवाहाची. हा आजार प्रामुख्याने वीस किलोंच्या आतल्या कुत्र्यांचा आहे: डॅशहंड, चिहुआहुआ, ल्हासा, शित्झू, लहान पूडल, आणि महाराष्ट्रात पामेरियन म्हणून घरोघरी वाढलेला पांढरा स्पिट्झ. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत तो इतका मुरलेला आहे की पाच वर्षांच्या सुमारास निम्म्या कुत्र्यांत मर्मर सापडते आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांत.

मोठ्या अंगाच्या कुत्र्यांचे दुखणे वेगळे. डॉबरमन, ग्रेट डेन यांच्यासारख्या जातींत हृदयाचा स्नायूच दुबळा होतो, कप्पे फुगतात आणि रक्त पुढे ढकलण्याचा जोर ओसरतो. डॉबरमनमध्ये या आजाराची पहिली खूण कधी कधी अचानक मृत्यू हीच असते, कारण स्नायू दुबळा होण्याआधीच ठोक्यांची लय बिघडलेली असते. बॉक्सर जातीतही मूळ दुखणे लयीचेच. आहाराचाही या आजाराशी संबंध येतो. टॉरिन या द्रव्याच्या अभावाने काही कॉकर स्पॅनियल आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांत असाच विकार होतो आणि तो वेळीच ओळखला तर बऱ्याच अंशी परततो. धान्याऐवजी वाटाणा, मसूर अशा डाळींवर बेतलेल्या विकतच्या खाद्यांचा या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेले नाही, पण मोठ्या जातीच्या कुत्र्याला अशा खाद्यावर वाढवत असाल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालणे शहाणपणाचे.

जन्मजात दोष आणि डासांतून पसरणारा हृदयकृमी हे आणखी दोन प्रकार. पिल्लाच्या हृदयालगतची जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडीच राहिली, तर ती शस्त्रक्रियेने किंवा नळीवाटे नेलेल्या बुचाने बंद करता येते आणि ते पिल्लू पुढे निरोगी आयुष्य जगू शकते. हृदयविकारांत इतके पुरते बरे होणे क्वचितच वाट्याला येते, म्हणून पिल्लाच्या पहिल्या लसीच्या वेळी छाती नीट ऐकून घेण्याचा आग्रह धरावा. हृदयकृमी भारतात ईशान्येकडे विशेष आढळतो. यापुढचे विवेचन मुख्यतः झडपेच्या आजाराविषयी आहे, कारण घरांना वर्षानुवर्षे सोबत करावी लागते ती त्याचीच.

हा आजार फार सावकाश चालतो. मर्मर पहिल्यांदा ऐकू आल्यापासून धाप लागेपर्यंत कित्येक वर्षे जाऊ शकतात, आणि अनेक कुत्री त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हातारपणाच्या दुसऱ्याच कारणाने जातात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली ठरवलेले आणि २०१९ साली सुधारलेले टप्पे आता जगभर वापरले जातात. ‘ए’ म्हणजे आजार नाही, पण जातीमुळे धोका आहे. ‘बी’ म्हणजे मर्मर आहे, त्रास नाही. ‘सी’ म्हणजे फुप्फुसात पाणी साचण्याची वेळ येऊन गेली आहे. ‘डी’ म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद मिळेनाशी झाली आहे. यातला ‘बी’ टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि घरात सर्वांत दुर्लक्षित. त्याचे दोन भाग केले आहेत: हृदय अजून फुगलेले नाही तो ‘बी १’ आणि फुगले आहे तो ‘बी २’. ‘बी १’मध्ये औषध लागत नाही, फक्त नियमित तपासणी लागते. ‘बी २’मध्ये मात्र कुत्रा धडधाकट दिसत असतानाच गोळी सुरू करावी लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या चाचणीत ‘बी २’मधली ३६० कुत्री होती. त्यांतल्या ज्यांना पिमोबेंडन हे औषध मिळाले, त्यांच्यात हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी लांबली. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार मोठा काळ.

म्हणूनच ‘मर्मर आहे, पण खेळतोय की!’ असे म्हणून तपासणी टाळणे परवडणारे नाही. हृदय फुगले आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात आणि डाव्या वरच्या कप्प्याचा व्यास महाधमनीच्या व्यासाशी ताडून पाहतात; तो १.६ पट किंवा त्याहून अधिक भरणे ही हृदय वाढल्याची एक खूण. मुंबईत परळच्या, १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या जुन्या संस्था आहेत, २०२४ साली महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालयही सुरू झाले. तालुक्याच्या गावी मात्र इको सहजी मिळत नाही. तिथे छातीचा साधा एक्स-रेही पुष्कळ सांगून जातो. अमेरिकेतल्या जेम्स बुकॅनन यांनी १९९५ साली एका सहकाऱ्यासह मांडलेली पद्धत त्यासाठी वापरतात. कुत्र्याच्या हृदयाची लांबी आणि रुंदी त्याच्याच पाठीच्या मणक्यांनी मोजायची. त्यामुळे चिहुआहुआ असो वा लॅब्रॅडोर, मोजपट्टी ज्याची त्याच्याकडेच असते. निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण ९.७ मणके येतो, काही जातींत थोडा जास्त. तो साडेअकराच्या पुढे गेला असेल, तर इको नसतानाही डॉक्टर औषध सुरू करण्याचा निर्णय घेऊ शकतात. मोठ्या जातींत चोवीस तासांची होल्टर पट्टी बांधून लय तपासणे इकोइतकेच गरजेचे.

निदानानंतरची खरी शुश्रूषा घरात होते. दवाखान्यातली भेट महिन्यातून, तीन महिन्यांतून एकदाची आणि तिथे कुत्रा घाबरलेला असतो, धापा टाकत असतो. त्याचा शांत श्वास कुणी पाहू शकत असेल तर ते घरातले माणूस. या आजारात फुप्फुसात पाणी साचू लागल्याचे सर्वांत आधी सांगणारी गोष्ट म्हणजे झोपेतल्या श्वासांची गती. ती मोजायला काही विकत आणावे लागत नाही आणि तिच्या विश्वासार्हतेला संशोधनाचा भक्कम आधार आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास धरायचा. अर्धे मिनिट मोजून आलेला आकडा दुप्पट करायचा, घाई नसेल तर पूर्ण मिनिट मोजावे. स्वप्न पडल्यागत पाय हलत असतील, ओठ थरथरत असतील, तर थांबावे. त्या वेळचा श्वास उगाच जलद असतो. जीभ बाहेर काढून ल्हाल्हा करणाऱ्या कुत्र्याचे श्वास मोजण्यात अर्थ नाही. स्पिट्झसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात पंख्याच्या वाऱ्याने केस हलतात आणि डोळा फसतो. अशा वेळी पंखा क्षणभर बंद करावा किंवा बरगड्यांवर बोटे अलगद टेकवावीत. उन्हाळ्याच्या दुपारी आकडा वाढलेला येतो, म्हणून मोजण्याची वेळ रात्रीची किंवा पहाटेची ठेवावी.

झोपेतला श्वास मिनिटाला तिसाच्या आत असावा. औषधांनी स्थिर असलेल्या बहुतेक कुत्र्यांत तो पंचविसाच्याही आत असतो. तरी नियमापेक्षा त्या कुत्र्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा अधिक बोलका. रोज सोळा-अठरा येणारा आकडा दोन-तीन दिवस सलग पंचविशीत गेला, तर तीस ओलांडण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. तीसच्या पुढचा आकडा तास-दोन तासांनी पुन्हा मोजूनही तेवढाच आला, तर त्याच दिवशी. आकडा लिहून ठेवण्याची जागा बहुतेक घरांत आधीपासून आहे: कालनिर्णयच्या तारखेचा चौकोन, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी. ‘हल्ली जरा धापतो’ या वाक्यापेक्षा महिनाभराचे असे पान डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. घरातल्या शाळकरी मुलावर हे काम सोपवले, तर मोठ्यांपेक्षा ते अधिक नेमाने होते.

खोकला हे लक्षण मात्र फसवे आहे. लहान जातींत श्वासनलिका सैल पडण्याचा वेगळा आजार असतो आणि त्याचाही कोरडा, हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येतो. फुगलेल्या कप्प्याचा श्वासनलिकेच्या फाट्यावर दाब पडूनही कुत्रा खोकतो. या दोन्हींत फुप्फुसात पाणी नसू शकते. त्यामुळे खोकला वाढला म्हणून लघवीवाटे पाणी उतरवणाऱ्या गोळीचा डोस घरीच वाढवणे ही मोठी चूक. आधी श्वास मोजावा. तो ठीक असेल तर खोकल्यामागचे कारण बहुधा निराळे.

‘सी’ टप्प्यात औषधांची संख्या वाढते. फुप्फुसातले पाणी उतरवणारे फ्युरोसेमाइड (घरातले आजोबा ज्याला लॅसिक्स म्हणून ओळखतात तेच), हृदयाचा जोर वाढवून रक्तवाहिन्या सैल करणारे पिमोबेंडन, शिवाय एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वेस्ट’ चाचणीत हृदय निकामी झालेल्या कुत्र्यांची तुलना केली गेली. पिमोबेंडन मिळालेल्या गटाचा आजार औषधांच्या हाताबाहेर जाईपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ २६७ दिवस होता, बेनाझेप्रिलच्या गटाचा १४०. पण हा लाभ वेळा पाळल्या तरच. पिमोबेंडन दर बारा तासांनी आणि जेवणाच्या सुमारे तासभर आधी द्यायचे असते. सकाळी सातची गोळी दहाला आणि रात्रीची विसरली, असे होऊ लागले तर औषध असून नसल्यासारखे. घरात एकच माणूस गोळ्या देत असेल, तर तो गावाला गेला की घडी मोडते. म्हणून गोळ्यांचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवावे आणि निदान दोघांना तोंडपाठ असावे.

फ्युरोसेमाइड चालू असलेला कुत्रा खूप पाणी पितो आणि खूप लघवी करतो. त्याने रात्री बाल्कनीत किंवा दारापाशी घाण केली तर तो औषधाचा परिणाम आहे, खोड नव्हे. त्याला रागावू नये आणि पाण्याचे भांडे तर कधीही उचलून ठेवू नये. पाणी तोडले की मूत्रपिंडांवर घाला पडतो. या आजाराच्या उपचारातला सर्वांत नाजूक तोल तोच: फुप्फुसे कोरडी ठेवायची आणि मूत्रपिंडे सुकू द्यायची नाहीत. त्यासाठीच गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. कुत्र्याने दिवसभर काही खाल्ले नाही, उलट्या किंवा जुलाब झाले, तर नेहमीच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

माणसांच्या कपाटातली औषधे दूर ठेवावीत. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके कुत्र्याला मुळातच घातक आणि हृदयाच्या गोळ्यांसोबत ती मूत्रपिंडांना अधिकच अपाय करतात. हृदयासाठी म्हणून अर्जुनारिष्ट देण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. अरिष्टात आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले मद्य असते, ते कुत्र्याला देऊ नये. आणि कुत्रा बरा दिसतो म्हणून गोळ्या थांबवणे, यासारखी घातक चूक दुसरी नाही. तो बरा दिसतो तो गोळ्यांमुळेच.

जेवणाच्या बाबतीत जपायचे ते मिठाला, स्निग्धाला नव्हे. पापड, लोणचे, फरसाण, चीज, वेफर्स कुणालाही आठवतात. लक्षातून निसटतात ते रोजचे ब्रेड, बिस्किटे आणि कोकणपट्टीत भाताबरोबर कालवली जाणारी सुकी खारवलेली मासळी. सुका बोंबील किंवा जवळा ‘सी’ टप्प्यातल्या कुत्र्याला रात्रीतून धाप लावू शकतो. वरण-भातातला भात ठीक, पण घरच्या फोडणीचे वरण नको, कारण त्यात मिठाशिवाय कांदा-लसूणही असतो आणि ते कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. उकडलेले चिकन, अंडे, भात आणि भोपळा, सगळे बिनमिठाचे, बहुतेक कुत्री आवडीने खातात. प्रथिने मात्र कमी करू नयेत. हृदयविकार पुढच्या टप्प्यांत स्नायू खातो: आधी पाठीचा कणा हाताला लागतो, मग खांद्यांची हाडे वर येतात. या झिजेने आयुष्य खरोखर कमी होते, म्हणून भूक टिकवणे हा उपचारच समजावा. वजन दर आठवड्याला घ्यावे. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे. अचानक वाढलेले वजन पोटात पाणी झाल्याचे असू शकते.

फिरणे बंद करायचे नाही, वेग कुत्र्याने ठरवायचा. तो थांबला की थांबावे, वळला की वळावे. चेंडूमागे पळवणे, इतर कुत्र्यांशी दंगामस्ती, चार मजले चढणे टाळावे. लिफ्ट नसेल तर उचलून न्यावे. गळ्यातल्या पट्ट्याने खोकल्याची उबळ येते, म्हणून छातीवरचा हार्नेस बरा. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरताच. अंग थंड ठेवण्यासाठी तो धापतो आणि प्रत्येक धाप हृदयाला मेहनत देते. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना किंवा मुंबईची ऑक्टोबरमधली दमट दुपार हे अशा कुत्र्यासाठी आजाराइतकेच मोठे संकट. गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी आधीपासून करावी: आतली खोली, लावलेल्या खिडक्या, सोबतीला एक माणूस, आणि फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेले औषध.

काही कुत्री खोकल्याच्या उबळीत किंवा दारावरच्या घंटेने उत्तेजित होऊन घेरी येऊन पडतात. अंग ढिले पडते, अर्ध्या-एक मिनिटात कुत्रा उठतो आणि जणू काही झालेच नाही असा वागतो. फिट मात्र जास्त वेळ टिकते, तोंडाला फेस येतो आणि नंतर बराच वेळ कुत्रा गोंधळलेला राहतो. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांच्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे.

तातडीची वेळ ओळखायची ती अशी: उकाडा नसताना तोंड उघडे ठेवून श्वास, प्रत्येक श्वासाला पोट आत ओढले जाणे, मान पुढे ताणून आणि कोपरे फाकवून बसणे, आडवे होता न येणे, जीभ निळसर किंवा राखाडी होणे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, म्हणून जिभेकडे पाहावे. अशा वेळी पाणी पाजणे, चालवणे, कुरवाळत गर्दी करणे, सारे टाळून त्याला उचलून थेट दवाखान्यात न्यावे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तिथे ऑक्सिजनची सोय आहे का आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी फ्युरोसेमाइडची जादा मात्रा द्यायची का, याची उत्तरे अशी रात्र येण्याआधीच मिळवून ठेवावीत.

झडप दुरुस्त करण्याची शस्त्रक्रियाही आता होते. जपानमध्ये मासामी उएची यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने लहान कुत्र्यांची मायट्रल झडप शिवण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यांच्या हातून बरी झालेली कित्येक कुत्री पुढे औषधाविना जगली. पण तिचा खर्च आणि लागणारे कौशल्य पाहता बहुतेक घरांपुढे औषधांचाच मार्ग उरतो, आणि तो मार्ग कुठेतरी संपतो. ‘डी’ टप्प्यात डोस वाढत जातात, पोटातले पाणी सुईने काढावे लागते, मूत्रपिंडे थकतात. दयामरणाचा विचार तेव्हा करावा लागतो. तो निर्णय मध्यरात्री, गुदमरणाऱ्या कुत्र्यासमोर घ्यावा लागू नये यासाठी कुत्रा बरा असतानाच घरातल्यांनी बोलून काही गोष्टी ठरवाव्यात. तो सलग झोपू शकतो का, आपणहून खातो का, घरातले कुणी आले की उठून पाहतो का, धापेचे झटके महिन्यातून किती वेळा येतात. या प्रश्नांची उत्तरे नकाराकडे झुकू लागली की डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. त्याला गुदमरण्यातून सोडवणे हाही सांभाळाचाच भाग आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

आजार आनुवंशिक असल्याने पुढच्या पिढ्यांसाठीही काही करता येते. डेन्मार्कमध्ये कॅव्हेलियर जातीच्या कुत्र्यांना प्रजननाआधी हृदयतपासणी सक्तीची केली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आठ-दहा वर्षांत या योजनेतल्या पिल्लांचा झडपेच्या आजाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला. मर्मर लवकर वयात आढळलेल्या कुत्र्याची पिल्ले घेऊ नयेत. नवे पिल्लू घरी आणताना आई-बापाचे वय आणि त्यांच्या छातीच्या तपासणीचा कागद मागावा. विकणाऱ्याकडे तो नसेल, तर दुसरीकडे पाहावे किंवा रस्त्यावरचे देशी पिल्लू आणावे.